खिल्लार : एका समूहवाचक शब्दाचा अर्थविचार

सूत्राचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचे प्रकरण पाहावे, ही महानुभाव अध्ययनपरंपरेतील जुनी शिस्त आहे. वचन कोणत्या प्रसंगी निघाले, कोणाला उद्देशून निघाले, त्याच्या आधी काय घडले होते, हे ठाऊक नसेल तर प्रत्येक शब्द कळूनही तात्पर्य हातून निसटते. याच गरजेतून पूर्वाचार्यांनी 'प्रकरणवश' हा व्याख्यानाचा स्वतंत्र प्रकार सिद्ध केला. हीच शिस्त सुट्या शब्दांनाही लावावी लागते. शब्दाचा उच्चार शतकानुशतके तोच राहतो. त्याने दाखविली जाणारी वस्तू मात्र मधल्या काळात बदललेली असते. वाचक आजची वस्तू मनात धरून जुने वाक्य वाचतो आणि अर्थ कळला असे समजून पुढे जातो. वाक्य कोठेही अडत नाही, म्हणून चुकीची शंकाही येत नाही.

'खिल्लार' हा असाच एक शब्द होय. तो प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून गेलेला आहे, म्हणूनच त्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचे अर्थ, ते कसे पालटले, त्याच्या जातीचे इतर शब्द कोणते, आणि या विचाराचा वाचकास उपयोग काय, हे क्रमाने पाहावयाचे आहे.

१. एक शब्द, दोन अर्थ

शालेय व्याकरणात समूहदर्शक शब्दांची यादी पाठ करून घेतात. पक्ष्यांचा थवा, हरणांचा कळप, मधमाश्यांचे मोहोळ, वारकऱ्यांची दिंडी, आणि त्याच ओळीत गाईगुरांचे खिल्लार. येथे खिल्लार म्हणजे समुदाय. एकटे जनावर कधीही खिल्लार होत नाही, जसा एकटा पक्षी थवा होत नाही.

आता सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, माणगंगेच्या काठच्या म्हसवड गावी जावे. येथून सांगली जिल्ह्यातील आटपाडी जवळ, सोलापूर जिल्ह्याची शीवही जवळ. या भागात 'खिलार' किंवा 'खिल्लार' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे समुदाय येत नाही, एक जनावर येते: करड्या झाकेचे पांढरे अंग, मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली लांब शिंगे, आवळ बांधा, लांब पाय, चपळ चाल. येथे खिलार हे गाईबैलांच्या एका जातिवंत वाणाचे नाव आहे. पशुविद्येच्या ग्रंथांत या वाणाचे पोटभेद सांगितले आहेत. सातारा-सोलापूर भागातील 'म्हसवड खिलार', पूर्वीच्या औंध संस्थानातील आटपाडी महालावरून 'आटपाडी महाल' अथवा 'हणम खिलार', उत्तरेकडे खानदेशात 'तापी खिलार' अथवा 'थिल्लारी', आणि यांखेरीज 'नकली खिलार' असे ते भेद होत. बाजारातले लोक 'काजळी', 'कोसा' असे रंगावरून आणखी भेद करतात. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीतही खिलार हा भारतीय गोवंशाचा एक मान्य वाण आहे.

दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही आजही वापरात आहेत. कोणता अर्थ कोठे घ्यावा, हे पुष्कळदा व्याकरणच सांगते. समूहवाचक खिल्लार हा शब्द नपुंसकलिंगी असून एकवचनी क्रियापद घेतो: खिल्लार रानात गेले, खिल्लार परतले. वाणवाचक खिलार हा शब्द विशेषणासारखा वागतो व नामाच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद बदलते: खिलार बैल विकला, खिलार गाय व्याली, खिलार खोंडे पळाली. नाम गाळून बोलले तरी हा फरक टिकतो. 'खिल्लार आले' म्हणजे गुरे आली. 'खिलार आणला' म्हणजे एक बैल आणला. म्हणून अर्थनिर्णयाची पहिली पायरी क्रियापदाकडे पाहणे ही होय. एका 'ल'चे की दोन 'ल'चे लेखन आहे यावर मात्र विसंबू नये. दोन्ही अर्थांत दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते.

२. समुदायाचे नाव एकट्याकडे कसे आले

या दोन अर्थांत समुदायाचा अर्थ मूळचा. वाणाला नाव मिळाले ते गुरांच्या समुदायावरून, हे पशुविद्येच्या अभ्यासकांनीही नोंदविले आहे. दोहोंमधला दुवा 'खिलारी' हा शब्द होय. खिल्लार राखणारा तो खिलारी. दक्षिणेस कन्नड भाषेतही 'किलारि' म्हणजे गुराखी. म्हैसूरच्या प्रसिद्ध अमृतमहाल गुरांचे राखणदार याच नावाने ओळखले जात. खिलार वाणाचे शरीरलक्षणही म्हैसूरकडील हळ्ळीकार गुरांशी जुळते. शब्द आणि जनावर या दोहोंचे दक्षिणेशी असलेले हे नाते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

संस्कृतात 'खिल' म्हणजे नांगर न लागलेली, पडीक जमीन. गुरे अशाच जमिनीवर चरतात, तेव्हा खिल्लार हा शब्द त्यावरूनच आला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ध्वनी जुळला आणि अर्थही जवळ आला एवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. मधल्या अवस्था दाखविता आल्या पाहिजेत आणि शेजारच्या भाषांतील रूपेही हिशेबात घेतली पाहिजेत. कन्नडातील रूप समोर असताना 'खिल'कडे धाव घेण्याचे कारण नाही.

अर्थ सरकण्याचे कारण शब्दकोशात शोधण्यापेक्षा माणदेशाच्या भूमीवर शोधावे. येथील पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. माळ उघडे, माती उथळ. अशा भूमीत शेतीपेक्षा पशुपालनाचा आधार मोठा. गुरांचे समुदाय राखणे हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, असे लोक येथे होते. त्यांच्या गाई दुधाला बेताच्या; पण त्यांच्या पोटी येणारे खोंड काटक, उन्हाला न हटणारे, वेगाने चालणारे. सुपीक खोऱ्यांतील शेतकऱ्याला बैल हवा असे आणि माळावरच्या राखणदाराला धान्य व पैसा. खोंडे अशा रीतीने समुदायातून निघून शेतकऱ्याच्या दावणीला जात. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो 'खिल्लारातला' बैल. पुढे तो 'खिलारी' बैल झाला आणि अखेर नुसता 'खिलार' उरला, असा क्रम दिसतो. खरसुंडीच्या पौषी यात्रेत किंवा पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत भरणारे जनावरांचे बाजार ही या देवघेवीची आजची रूपे होत.

म्हणजे 'खिलार' हे नाव मुळात जनावराच्या शिंगाला किंवा रंगाला दिलेले नाही. ते जनावर कोठून आले, हे त्या नावात सांगितले आहे.

३. समूहशब्दांच्या तीन वाटा

पशुसमुदायाच्या शब्दाने आपला मूळ अर्थ सोडून दुसरीकडे जाणे ही गोष्ट अपवादाची नाही. गोधन हेच ज्या समाजाचे धन, त्या समाजाच्या भाषेत असे शब्द विपुल असतात. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात 'त्यांचा समूह' या अर्थाच्या प्रत्ययांचे एक प्रकरणच केले आहे. त्यानुसार बैलांचा समुदाय तो औक्षक, दुभत्या गाईंचा धैनुक, वासरांचा वात्सक, बोकडांचा आजक, मेंढ्यांचा औरभ्रक. गाईंच्या समुदायाला गव्या आणि गोत्रा अशी दोन नावे. वासरांचा समुदाय वेगळा आणि दुभत्या गाईंचा वेगळा, कारण त्यांना चारण्याची जागा, वेळ आणि राखणदार वेगवेगळे असत. शब्दांची ही वाटणी कामाच्या वाटणीतून आलेली आहे.

या कुळातील शब्द पुढे तीन वाटांनी गेलेले दिसतात.

पहिली वाट स्थळाची. 'व्रज' म्हणजे गाईंचा समुदाय आणि त्यांचे कोंडवाड. पुढे तो एका सबंध प्रदेशाचा वाचक झाला. 'गोकुळ' म्हणजे गाईंचे कूळ, गाईंचा समुदाय. आज ते गावाचे नाव म्हणूनच आठवते. मराठीत 'तांडा' हा लमाणांच्या लदलेल्या बैलांचा काफिला होता. बैलांवरची वाहतूक संपली, लमाण स्थिरावले, आणि तांडा हे वस्तीचे नाव झाले. चालणाऱ्या गोष्टीचे नाव न चालणाऱ्या गोष्टीला मिळाले. धनगरांच्या बोलीत 'वाडा' हा शब्द अजून दोन्हीकडे आहे. मेंढरांसह फिरतीवर निघालेल्या कुटुंबांचा गट तो वाडा, आणि ती जेथे उतरतात ते ठिकाणही वाडाच.

दुसरी वाट नात्याची. 'गोत्र' या शब्दाचा जुना संबंध गाईंशी व त्यांच्या कोंडवाड्याशी आहे. एका कोंडवाड्याचे लोक ते एका कुळाचे, असा अर्थ पुढे रूढ झाला. मराठीत त्याचे 'गोत' झाले, आणि 'गोतावळा' म्हणजे सारे नातेवाईक. आनंद यादव यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला 'गोतावळा' हे नाव दिले. तीत शेतावरच्या गड्याचे आप्त म्हणजे मळ्यातील जनावरे आहेत. दूर गेलेला शब्द तेथे आपल्या पहिल्या घरी परत आला आहे.

तिसरी वाट गुणाची अथवा वाणाची, आणि ती 'खिल्लार' या शब्दाची. येथे समुदायाचे नाव त्या समुदायातील एकेका जनावराला लागते आणि मग त्याचे लक्षण होऊन बसते. पहिल्या दोन वाटांत शब्दाबरोबर समुदायाची काहीतरी आठवण उरते; वस्तीत माणसे एकत्र असतात, गोतावळ्यात आप्त एकत्र असतात. तिसऱ्या वाटेवर मात्र ती आठवण सर्वस्वी पुसली जाऊ शकते. दावणीला एकच बैल असला तरी तो 'खिलार' म्हणविला जातो आणि कोणालाही त्यात विसंगती जाणवत नाही.

४. समुदायाला बांधते कोण?

समूहशब्द एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत, याचे कारण विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही. हरणांचा कळप म्हणतात. हरणांचे खिल्लार कोणी म्हणत नाही. गाईंचा कळप मात्र चालतो. संख्या दोन्हीकडे सारखी असू शकते. फरक आहे तो समुदायाला एकत्र ठेवणाऱ्या गोष्टीत.

कळप जनावरांच्या स्वतःच्या वृत्तीने बनतो. हरणे, हत्ती, मेंढ्या आपण होऊन जवळ राहतात. भयाने, भुकेने किंवा सवयीने. राखणदार असो वा नसो, कळप असतो. माणसाविषयी 'कळपातला' म्हटले तर त्यात थोडी हेटाळणी येते ती यामुळेच, कारण विचार न करता सोबत चालणे त्यात सूचित होते. खिल्लार राखणदारावाचून होत नाही. गुरे सकाळी सोडणारा, माळ निवडणारा, पाण्यावर नेणारा आणि सांजेला मोजून आणणारा कोणी असेल तरच त्या गुरांचे खिल्लार होते. हरणाला खिलारी नाही, म्हणून हरणांचे खिल्लार नाही.

'खांड' हा मेंढरांचा शब्द. तिला रात्री बांधते ती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण. शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसविताना ती भोवती उभी करतात. मेंढरांना चारा आणि जागा, शेताला लेंडीखत, असा तो व्यवहार. 'दावण' हा गोठ्यातला शब्द. तेथे बांधणारी वस्तू दोरी आहे. दावणीतील जनावरे शेजारी असतात, पण ती एकत्र चरत नाहीत व एकत्र चालत नाहीत. 'जित्राब' हा माणदेशी बोलीतला शब्द घरची पाळीव जनावरे सांगतो. त्यांना एकत्र बांधते ते घर.

याच यादीत अलीकडच्या काळाने आणखी एक शब्द घातला आहे, 'छावणी'. दुष्काळात चारा व पाणी संपले म्हणजे जनावरे एका जागी आणून सांभाळतात, ती चारा छावणी. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ मध्ये माणदेशी फाउंडेशनने म्हसवड येथे अशी छावणी चालविली. गावोगावची हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे आलेली माणसे तेथे महिनोन्महिने राहिली. वरवर पाहता असा मोठा समुदाय खिल्लाराच्या काळातही क्वचितच जमला असेल. पण त्याला कोणी खिल्लार म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. तेथे जनावरांना एकत्र आणणारा राखणदार नव्हता, अवर्षण होते. प्रत्येक जनावर आपापल्या धन्याच्या खुंट्याला, आपापल्या छपराखाली होते. बोलणाऱ्यांनी कोणत्याही व्याकरणाचा आधार न घेता नेमका शब्द निवडला.

५. वत्सहरणाचा दृष्टांत

समुदाय म्हणजे केवळ संख्या, हा समज किती अपुरा आहे हे श्रीकृष्णचक्रवर्तींच्या वत्सहरणलीळेवरून कळते. दामोदर पंडितांचा 'वछाहरण' हा ग्रंथ साती ग्रंथांत गणला जातो आणि त्याचा विषय हीच लीळा आहे. ब्रह्मदेवाने वासरे चोरली, गोपबालकही चोरले. तेव्हा श्रीकृष्ण स्वतःच ती वासरे व ते बालक झाले, आणि सांजेला नित्याप्रमाणे सारे गोकुळात परतले.

येथे अर्थविचारासाठी ध्यानात घ्यावयाचे ते असे. हरवलेल्या वासरांच्या जागी तेवढ्याच संख्येची कोणतीही वासरे आणून चालले नसते; गाईंनी ती स्वीकारली नसती. एखादे सर्वांत देखणे वासरू उत्पन्न करूनही चालले नसते. प्रत्येक वासराचा रंग, अंगलट, खोडी आणि हंबरणे जसेच्या तसे असावे लागले, कारण प्रत्येक गाय आपले वासरू ओळखते. समुदाय पूर्ववत झाला तो त्यातील एकेक पूर्ववत झाल्यामुळे. बाहेरून पाहणारा वासरांचा एक समुदाय पाहतो. गाय आपले एक वासरू पाहते. राखणदाराला दोन्ही दिसावी लागतात. जो फक्त संख्या मोजतो तो खिलारी नव्हे, आणि जो एकाच जनावराकडे पाहतो तोही नव्हे.

६. नाव उरले, समुदाय विरला

या अर्थविचाराचे प्रयोजन केवळ शब्दकोशापुरते नाही. आज खिलार हे नाव पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येते, आणि ज्या समुदायावरून ते पडले तो समुदाय दुर्मीळ झाला आहे. गायराने आकसली. नांगराला ट्रॅक्टर आला, तेव्हा बैलाचे काम गेले. दुधाच्या उत्पन्नासाठी संकरित गाई आल्या, आणि बेताचे दूध देणारी खिलार गाय अनेक दावणींवरून उतरली. बैलगाडा शर्यतींनी मात्र खिलार बैलाला नवे मोल दिले. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले. वेगवान खोंडाची किंमत आता लाखांच्या भाषेत बोलली जाते.

शर्यतींचे बरेवाईट हा प्रस्तुत विषय नव्हे. अर्थाच्या दृष्टीने पाहावयाचे ते एवढेच की, एका खोंडाला लाखाचे मोल आले म्हणजे खिलार वाचला, असे समजणे ही शब्दार्थातील चूकच व्यवहारात उतरलेली आहे. वाण एका जनावरात नसतो. तो टिकतो तो पुष्कळ गाई, पुष्कळ वळू आणि त्यांच्या वेगवेगळ्या रक्तरेषा यांच्या समुदायात. मोजक्या नामांकित वळूंचाच वंश सर्वत्र पसरला तर जनावरे देखणी दिसतील, पण रक्त जवळ येईल आणि काटकपणा, रोगाला तोंड देण्याची शक्ती यांचा ऱ्हास होईल. ज्या गाईच्या पोटी तो वेगवान खोंड येतो ती गाय, जी शर्यतीत नाही, दुधातही पुढे नाही आणि म्हणून जिचे नावही कोणी घेत नाही, तीच या वाणाचे मूळ आहे. मूळ अर्थ ज्याच्या ध्यानात आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खिल्लार म्हणजे समुदाय, हे त्याला ठाऊक असते. माणदेशात आजही ज्यांनी चार खिलार गाई, लाभ दिसत नसतानाही, दारी ठेवल्या आहेत, त्यांनी या शब्दाचा जुना अर्थ जिवंत ठेवला आहे.

७. वाचकांस सूचना

शेवटी, पोथी वाचणाऱ्या वासनिकांना व अध्ययन करणाऱ्या साधकांना या विचारातून तीन गोष्टी घेता येतील.

जुन्या ग्रंथात गुरांच्या समुदायाचा कोणताही शब्द आला, मग तो खिल्लार असो, व्रज असो, गोकुळ असो, की तांडा, तर प्रथम त्याचे लिंग, वचन व क्रियापद पाहावे; समुदाय सांगितला आहे की एक व्यक्ती, स्थळ की कूळ, हे तेथे पुष्कळदा उघड होते. दुसरे, त्या समुदायाला एकत्र ठेवणारे काय आहे हे विचारावे. स्वभाव, राखणदार, दोरी, कुंपण की संकट, यांपैकी जे असेल त्यावर शब्दाचा रंग अवलंबून असतो. तिसरे, आजचा रूढ अर्थ बाजूस ठेवून, तो शब्द उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी काय होते ते शोधावे. 'गोकुळ' वाचताना गाव दिसते; बोलणाऱ्याला कदाचित सांजेच्या धुळीत परतणाऱ्या गाई दिसत असतील.

हे तिन्ही प्रश्न मनाशी ठेवून वाचन केले म्हणजे परिचित वाटणारी वाक्ये पुन्हा एकदा अडू लागतात. त्या अडण्याला कंटाळू नये. जेथे वाचक अडतो तेथेच त्याने प्रकरण विचारावयाचे असते.